पाठ कुणाच्या गळ्यातून?

कोलकात्याच्या बागबाजारात राहणाऱ्या मराठी माणसाला एक टोमणा कायम ऐकून घ्यावा लागतो. इथे एक गल्ली आहे, तिचं नाव मराठा डिच लेन. १७४२ साली भास्कर राम कोल्हटकरांच्या हाताखाली नागपूरकर भोसल्यांचं घोडदळ बंगालात शिरलं, तेव्हा ते कलकत्त्यावर चालून येईल या धास्तीने कंपनी सरकार आणि इथले रहिवासी यांनी मिळून खंदक खणायला घेतला. त्याचं उत्तरेचं टोक इथे, बागबाजाराला. मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत. खंदक अर्धवट राहिला आणि पुढे त्याच्या बऱ्याच भागावर सर्क्युलर रोड झाला. गल्लीचं नाव मात्र टिकलं. आमच्या खालच्या मजल्यावरचे मेजदा वादात मागे पडायला लागले की हेच अस्त्र काढतात : "तुमच्यासाठी आम्ही खंदक खणला होता मोशाय, विसरू नका!"

मेजदांशी माझा सगळ्यात जुना आणि अजून न मिटलेला वाद १९७६ सालच्या महालयेचा आहे.

मराठी वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आपली सर्वपित्री अमावास्या ती इथली महालया. आपल्याकडे हा दिवस पितरांचा. नवं काही सुरू करायचं असेल तर माणूस दोन दिवस थांबतो. इथे त्याच पहाटे देवीच्या येण्याची वर्दी मिळते, आणि ती मिळते रेडिओवरून. पहाटे चार वाजता आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावर शंख वाजतो आणि 'महिषासुरमर्दिनी' सुरू होते. संहिता बाणीकुमारांची, संगीत पंकजकुमार मल्लिकांचं, आणि चंडीपाठ बीरेंद्रकृष्ण भद्रांचा. दीड तासाच्या आसपासचा कार्यक्रम. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, नभोवाणी केंद्र गार्स्टिन प्लेसच्या जुन्या इमारतीत होतं तेव्हा, तो सुरू झाला. वर्षानुवर्षं तो थेट होत असे. गायक-वादक मध्यरात्रीनंतर केंद्रावर जमत. बीरेंद्रकृष्ण स्नान करून, रेशमी वस्त्र नेसून पाठाला बसत, असं सांगतात. साठच्या दशकात थेट प्रक्षेपण थांबलं आणि ध्वनिमुद्रण लागू लागलं. एव्हाना बंगाली माणसाच्या लेखी 'महालया ऐकणं' म्हणजे हा कार्यक्रम ऐकणं, असंच झालं होतं.

मग २३ सप्टेंबर १९७६. आणीबाणी चालू होती. त्या पहाटे चार वाजता लोकांनी रेडिओ लावले तर आवाज भलताच. आकाशवाणीने जुना कार्यक्रम बाजूला ठेवून नवा केला होता. संहिता ध्यानेशनारायण चक्रवर्ती या संस्कृतच्या पंडितांची, गीतं श्यामल गुप्तांची, संगीत हेमंतकुमारांचं, गाणाऱ्यांत आपल्या लताबाई, आणि पाठाला कोण, तर खुद्द उत्तमकुमार! त्या काळी बंगालात त्यांच्यापेक्षा लाडका माणूस शोधून सापडला नसता. मेजदा तेव्हा कॉलेजात होते. ते सांगतात, त्यांच्या वडिलांनी आधी काटा फिरवून पाहिला, केंद्र चुकलं की काय म्हणून. मग पुन्हा जागेवर आणला. मग रेडिओ बंद केला आणि एक शब्द न बोलता घाटावर निघून गेले. "आमच्या घरात त्या दिवशी चहासुद्धा झाला नाही," मेजदा म्हणतात. चहाचं त्यांनी वाढवून सांगितलेलं असू शकेल. पण आकाशवाणी भवनासमोर लोक जमले, टेलिफोन खणखणले, शिव्याशापांची पत्रं आली, हे सगळं शहर सांगतं. ज्या दिवसांत सरकारी खात्याविरुद्ध ब्र काढायची चोरी होती, त्या दिवसांत लोक एका आवाजासाठी भांडायला बाहेर पडले. त्याच वर्षी षष्ठीला जुना कार्यक्रम पुन्हा लावावा लागला, आणि पुढच्या वर्षापासून महालयेच्या पहाटे तोच. उत्तमकुमारांनी बीरेंद्रकृष्णांची माफी मागितली, असं सांगतात.

इतकी वर्षं ही गोष्ट इथे एका मोठ्या विजयाची म्हणून सांगितली जाते. २०१९ साली तिच्यावर सिनेमाही निघाला. माझी अडचण विजयाबद्दल नाही. मला प्रश्न पडतो तो धर्माचा आहे : देवीच्या पाठाचं सामर्थ्य पाठात असतं की वाचणाऱ्यात?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. मीमांसकांनी तो फार पूर्वी धसास लावला. त्यांच्या मते शब्द नित्य आहे. आपण उच्चारतो तेव्हा तो निर्माण होत नाही, फक्त प्रकट होतो. अंधारातली वस्तू दिव्याने दिसते. दिवा कुणी धरला याच्याशी वस्तूला कर्तव्य नाही. म्हणजे वाचणाऱ्याच्या गळ्याचं महत्त्व जवळजवळ शून्य. उच्चार मात्र शुद्ध हवा, ही अट पक्की. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा मुलगा मागितला, पण एका शब्दाचा स्वर चुकला आणि इंद्रच त्या मुलाला मारणारा ठरला, ही कथा त्याच अटीसाठी सांगतात. त्या कथेतही त्वष्ट्याचा आवाज गोड होता की घोगरा, याची कुणी चौकशी करत नाही.

आमच्या बार्शीच्या घरी हाच न्याय होता. वडील नवरात्रात सप्तशतीचा, म्हणजे इथल्या चंडीचाच, पाठ करत. तेरा अध्याय, सातशे मंत्र, सगळं मुखोद्गत, आणि वेग असा की शेजारी बसलेल्याला दोन शब्दांतली फट सापडू नये. आई स्वयंपाकघरातून ऐकत असे. वडील गेल्यावर थोरला भाऊ चष्मा लावून, पोथीत बोट ठेवून, अडखळत वाचू लागला. आईने एकदाही म्हटलं नाही की तुझ्यात ते नाही. ती फक्त शेवटी विचारायची, "क्षमाप्रार्थना म्हटलीस ना रे?" अक्षर चुकलं, मात्रा गळली, तर देवीने सांभाळून घ्यावं अशी ती प्रार्थना. ती झाली की आईच्या मते पाठ पुरा. वाचणारा येतो आणि जातो. पोथी लाल कापडात बांधून जागच्या जागी.

आता या न्यायाने १९७६ तपासून पाहा. जन्मजात अधिकार म्हणाल तर उत्तमकुमारांचं पाळण्यातलं नाव अरुणकुमार चट्टोपाध्याय, म्हणजे ब्राह्मण. बीरेंद्रकृष्ण कायस्थ. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा याच कारणासाठी सोवळ्या मंडळींनी नाकं मुरडली होती : कायस्थाने चंडी वाचायची? वाद्यवृंदात तर सारंगीवर मुंशी आणि हार्मोनियमवर खुशी महंमद होते. केंद्रातली माणसं बधली नाहीत, म्हणून कार्यक्रम झाला. विद्वत्ता म्हणाल तर नव्या संहितेमागे संस्कृतचा प्राध्यापक उभा होता. उच्चार म्हणाल तर बीरेंद्रकृष्णांचं संस्कृतही वंगवळणाचं. 'व'चा सर्रास 'ब' ऐकून आमच्या वडिलांच्या कपाळाला आठ्या पडल्या असत्या. कोणत्याही जुन्या कसोटीवर बीरेंद्रकृष्णांचा अधिकार उत्तमकुमारांपेक्षा मोठा ठरत नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्याला 'तू कोण वाचणारा?' म्हणून विचारलं, त्याच्याचसाठी त्याच शहराने दुसऱ्याला 'तू कोण?' म्हणून विचारलं. शास्त्र कुठेच बदललं नव्हतं. मधल्या काळात लोकांनी ऐकलं होतं, एवढंच.

मेजदांचं उत्तर ठरलेलं आहे. "उत्तमकुमार वाचत होते. बीरेनबाबू हाक मारत होते." हे वाक्य मी बागबाजारात किमान दहा जणांच्या तोंडून ऐकलं आहे आणि ते खोटं नाही. बीरेंद्रकृष्णांचा पाठ नीट ऐका. सुरुवात अगदी शांत. आश्विनाच्या पहाटेचं वर्णन करणारा माणूस घाईत नाही, त्याला काही सिद्ध करायचं नाही. युद्धाच्या भागात तो चढतो. मग देवीला नमस्कारांवर नमस्कार सुरू होतात, तिथे एका टप्प्यावर आवाज ओला होतो, दाटतो. पुढचा शब्द येतो, पण त्याआधी एक श्वास ऐकू येतो, मुद्रणात राहून गेलेला. आजचा एखादा ध्वनिमुद्रक तो बिनदिक्कत कापून टाकील. आमच्या जिन्यात तीन मजल्यांवर तीन रेडिओ लागलेले असतात आणि त्या श्वासाला तिन्ही घरांत भांड्यांचा आवाज थांबतो. हे मी ऐकलेलं आहे.

तरीही 'हाक मारत होते' यावर मी अडतो. ते पाठ करताना आत काय चाललं होतं हे आपल्याला काय कळणार? बीरेंद्रकृष्ण नाटकातला माणूस. रेडिओवर नाटकं बसवायची, विरूपाक्ष नावाने विनोदी लिहायचं, बायकांचा कार्यक्रम चालवायचा, हे त्यांचं रोजचं काम. १९४१ साली रवींद्रनाथांच्या अंत्ययात्रेचं धावतं वर्णन केलं तेही त्यांनीच. आवाज कुठे दाटावा हे त्यांच्या कसबाला ठाऊक असणार. मग हुंदका खरा की कसबाचा? मला विचाराल तर हा प्रश्नच चुकीच्या दारात उभा आहे. कीर्तनकाराच्या डोळ्यांतलं पाणी खरं की सवयीचं, हे आपण विचारत नाही. आपल्या डोळ्यांत आलं का, एवढं बघतो. तुकोबांना अधिकार नाही म्हणणाऱ्यांनी वह्या नदीत बुडवायला लावल्या, असं आपली परंपरा सांगते. त्या अधिकाराचा शेवटचा निकाल धर्मपीठाने लावला नाही, ऐकणाऱ्यांनी लावला. बीरेंद्रकृष्णांचंही तसंच झालं. अधिकार जन्माने आला नाही, पदवीने आला नाही. पहाटे उठून ऐकणाऱ्यांनी तो वर्षावर्षाला थोडा थोडा दिला.

इथपर्यंत मी मेजदांच्या बाजूने आहे. पुढे नाही.

महालयेच्या त्याच पहाटे आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, बागबाजारच्या घाटावर दुसरा एक पाठ चालू असतो. चक्ररेल्वेचे रूळ ओलांडले की गंगा. पायऱ्यांवर शेकडो माणसं ओल्या धोतरात, तळहातात काळे तीळ आणि बोटात दर्भाची अंगठी. पुरोहित दहा-बारा असतात, प्रत्येकाभोवती माणसांचं कोंडाळं. एक ओळ पुरोहित म्हणतो, कोंडाळं ती पुन्हा म्हणतं. नावाच्या जागी तो थांबतो. त्या दोन क्षणांत प्रत्येक जण आपापल्या बापाचं, आजाचं नाव आणि गोत्र पुटपुटतो; चाळीस नावं एकदम हवेत उठतात आणि एकही ऐकू येत नाही. मग पुढची ओळ. मीही वडिलांचं नाव तिथेच घेतो. गेल्या वर्षीचा पुरोहित या वर्षी असतोच असं नाही, आणि कुणी विचारतही नाही. एका वर्षी आमच्या वाट्याला आलेला पोरगा जेमतेम विशीतला होता. आवाज चिरका, खिशात वाजणारा मोबाईल. कुणाचंही तर्पण त्यामुळे अडलं नाही. तेच मेजदा, जे रेडिओवर दुसरा गळा अर्धा तास सहन करायला तयार नाहीत, त्या पोराच्या मागे मुकाट्याने ओळी म्हणत होते.

एकाच माणसाने एकाच पहाटे धर्माचे दोन वेगळे नियम पाळावेत, हे मला फार दिवस कोड्यासारखं वाटायचं. आता त्याचं कारण असं वाटतं की घाटावर काम आपलं आपल्याला करावं लागतं. पाणी आपल्या हातातून पडतं, नाव आपल्या तोंडून निघतं; पुरोहित फक्त ओळ पुरवतो. रेडिओसमोर करायला काही नसतं. ना पाणी, ना फूल, ना उठून उभं राहणं. पांघरुणात पडल्या पडल्या ऐकायचं. जे आपल्या हातांनी करायचं ते सगळं त्या एका आवाजावर सोपवलेलं असतं, म्हणून तो आवाज जराही हललेला चालत नाही. जिथे भक्ताला काही करावं लागत नाही, तिथे तो वाचणाऱ्याबद्दल फार हट्टी होतो. मेजदांना हे अजिबात पटत नाही. "ऐकणं म्हणजे काय, काही न करणं?" असं ते विचारतात. त्यांचं बरोबर आहे. श्रवण ही नवविधा भक्तीतली पहिली पायरी आहे. पण पहिलीच ना?

आणखी एक गोष्ट मला इथल्या लोकांकडे पाहून सुचली. घाटापासून काठाकाठाने दक्षिणेला गेलं की लगेच कुमारटुली. तिथे महालयेला मूर्तीचे डोळे आखायची जुनी रीत. चार-पाच दिवसांच्या पूजेसाठी महिनोन्महिने घडवलेली देवी दशमीला याच गंगेत सोडतात आणि पुढच्या वर्षी नवी घडवतात. बागबाजार सार्वजनीनचा उत्सव शंभर वर्षं उलटून गेलेला. देवीचा चेहरा तोच जुना ठेवणीचा, सगळ्या मूर्ती एकाच चौकटीत बसवणारी एकचाला मांडणी तीच, अंगावर डाकेर साजाचे चंदेरी दागिने तेच. माती मात्र दर वर्षी नवी. घडवणारे हातही पिढीगणिक बदलले, आणि त्याबद्दल कुणी मोर्चा काढला नाही. म्हणजे नवेपणाचं या लोकांना वावडं नाही. चेहरा ओळखीचा ठेवून माती नवी कशी आणावी, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसेल. मग आवाजाच्या बाबतीतच ते का जमू नये?

मला दोष टेपचा वाटतो. थेट प्रक्षेपणाच्या काळात बीरेंद्रकृष्णांचा पाठही दर वर्षी नवा होता. तिशी न ओलांडलेला माणूस वाचत होता, मग चाळिशीचा, मग पन्नाशीचा. एखाद्या वर्षी घसा बसला असेल, एखाद्या वर्षी एखादी ओळ मागेपुढे झाली असेल. श्रोत्यांनी ते पचवलं, कारण पुढच्या वर्षी पुन्हा होणार होतं. टेप लागली आणि मूर्ती घडवणं थांबलं. त्यानंतर एका ठरावीक पहाटेचा आवाज, एका ठरावीक वयाचा, त्या एका श्वासासकट, कायमचा झाला. १९७६ साली लोकांनी उत्तमकुमारांना तोललं ते बीरेंद्रकृष्ण नावाच्या माणसाशी नाही, टेपशी. त्या साली खुद्द बीरेंद्रकृष्णांनी, सत्तरी ओलांडलेल्या गळ्याने, नव्याने पाठ केला असता, तरी काही जणांनी काटा फिरवून पाहिलाच असता, अशी माझी खात्री आहे. मेजदांना हे बोललो तेव्हा खंदक पुन्हा निघाला.

आपल्याकडे याच्या उलट घडलेलं आहे. १९५५ साली रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, छप्पन्न गाणी, आठवड्याला एक. त्या मूळ प्रक्षेपणात गळे अनेक होते : माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लताबाई. पुढे बाबूजी, म्हणजे फडके, एकटेच सगळं गाऊ लागले, आणि आज बहुतेकांच्या कानात तेच आहेत. म्हणजे लोकांच्या मनात बसलेला आवाज हा पहिला आवाज असतोच असं नाही. बाबूजींनंतर श्रीधर फडके गातात, गावोगावचे हौशी गायक गातात, लोक जागच्या जागी बसून ऐकतात आणि घरी जाताना 'पण बाबूजी ते बाबूजीच' म्हणतात. हे 'पण' मला मोलाचं वाटतं. त्यात तुलना आहे आणि बंदी नाही. मात्र बाबूजींनी मैफलीमागून मैफलीत ते लोकांसमोर गायलं, लोकांनी ते घरी गुणगुणलं. चंडीपाठाला ती वाट मिळाली नाही. तो पहाटे चारला एकदा लागणार आणि वर्षभर मिटणार.

१९७६ला श्रोत्यांनी जे केलं ते बरोबर होतं, कारण ज्या रीतीने बदल लादला ती रीत वाईट होती. बीरेंद्रकृष्णांना विश्वासात न घेता, लोकांना न सांगता, जणू शहर झोपेत असताना खुर्ची हलवली. त्याआधी वर्षभर पंकजकुमारांना त्यांच्या संगीतशिक्षणाच्या, दशकानुदशकं चाललेल्या वर्गातूनही असंच बाजूला केलं होतं. ज्यांनी देवी घडवली त्यांनाच मंडपाबाहेर उभं करणं लोकांना खपलं नाही, यात भक्तीइतकाच साधा न्याय आहे. उत्तमकुमारांचा त्यात बळी गेला. त्यांच्या पाठात काय उणं होतं, याची शांत डोक्याने चर्चा मी आजवर ऐकलेली नाही. मेजदांच्या वडिलांनी तो पाच मिनिटंही ऐकला नव्हता.

पण त्या विजयाची किंमत आज कळते. बीरेंद्रकृष्ण १९९१ला गेले. अमावास्या जवळ आली की अजूनही लोक माळ्यावरचे रेडिओ काढून दुरुस्तीला नेतात. कुमारटुलीच्या बाजूला त्यासाठी नावाजलेलं एक छोटं दुकान आहे. हा जिव्हाळा खरा. मात्र शेजारच्या बौदींचा मुलगा आकाशवाणीच्या नाटकांत आवाज देतो, संस्कृत शिकलेला आहे, गळा चांगला आहे. त्याला विचारलं, "चंडीपाठ करशील का कधी?" तो इतका दचकला की जणू मी त्याला मूर्तीवर पाय ठेवायला सांगितला. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका पहाटेची ही दहशत. पोथी सगळ्यांसाठी उघडी असताना पाठ एका टेपपुरता उरला, तर ती भक्ती आहे की भीती, हे बागबाजाराने स्वतःला विचारायला हवं.

महालयेची पहाट बीरेंद्रकृष्णांचीच राहू द्यावी. तिला कुणी हात लावू नये, मीही लावू देणार नाही. पण चतुर्थीची सकाळ रिकामी आहे. त्या दिवशी आकाशवाणीने दर वर्षी एक नवा पाठक बसवावा, थेट, टेप न करता. बाई असो, बुवा असो, कुठल्याही जातीचा असो. बरा झाला नाही तर पुढच्या वर्षी दुसरा. मेजदा म्हणतात, कुणी ऐकणार नाही. निदान एक घर पक्कं आहे. तुम्ही कोलकात्यात असाल तर दोन होतील.